युरियाप्लाझ्मा पॉझिटिव्ह आलंय आणि घरात "कुठून आलं" यावर अबोला सुरू आहे

कोरी_वही
रात्री ११:४०

हा माझा नेहमीचा आयडी नाही, कारण समजून घ्या. जुनी मंडळी लिहिण्यावरून ओळखतील कदाचित, ओळखलंत तर गप्प बसा एवढी विनंती.

गेले दोनेक महिने लघवीला जाऊन आल्यावर आग होते. खूप नाही, रडवेल अशी नाही, पण कामात असताना सुद्धा लक्ष तिकडेच जात राहतं. लघवीची साधी तपासणी नॉर्मल, कल्चर पण नॉर्मल. मग डॉक्टरांनी स्वॅब घेतला आणि ते सगळ्या लैंगिक संसर्गांचं एकत्र पीसीआर पॅनल असतं ते पाठवलं. काल रात्री रिपोर्ट मोबाईलवर आला, मी अंथरुणात पडल्या पडल्या उघडला, क्लॅमिडिया नॉट डिटेक्टेड, गोनोरिया नॉट डिटेक्टेड, ट्रायकोमोनास नॉट डिटेक्टेड, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नॉट डिटेक्टेड, मला वाटलं सुटले, आणि मग शेवटून दुसऱ्या ओळीत युरियाप्लाझ्मा पार्व्हम (हा कसलासा जंतू) डिटेक्टेड. अख्ख्या पानावर तेवढा एकच शब्द लाल रंगात.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला "हे कुठून आलं?" बस. मग कूस बदलून झोपला. झोपला नव्हताच, मला कळतं. लग्नाला सहा वर्षं झालीत, लग्नाआधी माझं एक रिलेशन होतं हे त्याला माहितीये, त्याचंही होतं हे मला माहितीये, तो विषय कधीच मिटलाय असं मी धरून चालले होते.

डॉक्टरांची अपॉइंटमेंट चार दिवसांनी आहे. तोपर्यंत नेटवर वाचू नये हे कळतं पण वाचलंच, एकीकडे लिहिलंय काही नसतं, दुसरीकडे वंध्यत्व, गर्भपात, काय काय. कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा, धीर देणारं नको, खरं सांगा.


मांजरपाट
रात्री ११:५८

ताई घाबरू नका पण हलक्यातही घेऊ नका. हा लैंगिक संबंधातूनच पसरतो. दोघांनीही एकाच वेळी अँटिबायोटिक घ्यायचं, निगेटिव्ह येईपर्यंत संबंध पूर्ण बंद, आणि निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्याशिवाय कोर्स संपला असं समजायचं नाही. एकानेच घेतलं तर पिंगपाँग होतो, मी बघितलंय जवळच्या लोकांत. नवऱ्याची टेस्ट उद्याच करून घ्या.


लॅबवाली_मावशी
सकाळी ६:२२

उठल्या उठल्या हा धागा दिसला, चहा बाजूला ठेवून लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमधे एकोणीस वर्षं काढलीत आणि ह्या प्राण्याशी माझी चांगली ओळख आहे.

पहिलं म्हणजे हा फार सामान्य आहे. शरीरसंबंध असलेल्या बायकांमधे वेगवेगळ्या अभ्यासांत ४० ते ८० टक्के जणींच्या योनीमार्गात सापडतो, पुरुषांत त्याहून कमी. त्यातल्या बहुतेकींना कधी काहीही होत नाही. म्हणजे तुझ्या ऑफिसच्या मीटिंगमधे दहा जणी बसल्या असतील तर निदान चार पाच जणींना असेल, फक्त त्यांनी पॅनल केलेलं नाही म्हणून त्यांच्या मोबाईलवर लाल शब्द नाही.

दुसरं, हा जंतू जरा विचित्र आहे. बाकीच्या बॅक्टेरियांना असते तशी पेशीभोवतीची भिंतच ह्याला नसते. त्यामुळे ग्रॅम स्टेनमधे (जंतूंना रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायची नेहमीची पद्धत) दिसत नाही, साध्या कल्चरला येत नाही (तुझं कल्चर नॉर्मल आलं ते ह्यामुळे, त्यात कुणाची चूक नाही). आणि अमॉक्सिसिलिन, सेफिक्सिम वगैरे जी औषधं त्या भिंतीवर घाव घालतात ती ह्याच्यावर चालतच नाहीत, कारण घाव घालायला भिंत तर पाहिजे.

आता माझ्या आवडीची गोष्ट. पीसीआर यायच्या आधी आम्ही हे छोट्या बाटल्यांमधे लावायचो. पिवळं द्रव, त्यात युरिया आणि फिनॉल रेड, म्हणजे पीएच बदलला की रंग बदलणारं द्रव्य. नमुना टाकून ३७ डिग्रीला ठेवायचा. हा युरिया फोडून जगतो, नावच त्यावरून पडलंय, तो फोडला की अमोनिया सुटतो, पीएच चढतो आणि पिवळी बाटली गुलाबी होते. पण पाणी गढूळ होत नाही! स्वच्छ गुलाबी. गढूळ गुलाबी दिसलं की समजायचं दुसराच कुणीतरी घुसलाय. आणि गुलाबी दिसली की लगेच पुढच्या बाटलीत काढायला लागायचं नाहीतर स्वतःच केलेल्या अमोनियात काही तासांत मरून जायचा. एकदा जेवायला बसले आणि विसरले, आल्यावर बाटली छान गुलाबी आणि आत सगळे मेलेले, वरच्यांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

हे सांगायचं कारण असं की बाटलीत नमुना दहापट दहापट पातळ करत गेलं की किती आहे याचा अंदाज यायचा. पॅनल रिपोर्ट नुसतं आहे किंवा नाही एवढंच सांगतो. दोन चार चुकार जंतू असले तरी डिटेक्टेड आणि लाखो असले तरी डिटेक्टेड, लाल रंग तोच.


शेवटचा_बाक
सकाळी ९:०५

मी पुरुष आहे आणि ह्या रस्त्याने जाऊन आलोय म्हणून लिहितो, लांबलचक होईल.

मला लघवीच्या जागी टोचल्यासारखं व्हायचं. पॅनल केलं, युरियाप्लाझ्मा आलं. पहिला कोर्स डॉक्सिसायक्लिन सात दिवस. टोचणं तसंच. दहाव्या दिवशी मी स्वतःच्या मनाने परत टेस्ट केली, परत डिटेक्टेड. मग दुसरे डॉक्टर, अझिथ्रोमायसिन. मग तिसरे, परत डॉक्सी पण एकवीस दिवस. मग मॉक्सिफ्लॉक्सासिन. बायकोला पण प्रत्येक वेळी माझ्या बरोबर गोळ्या, तिला तर काही त्रासच नव्हता, आणि तिसऱ्या कोर्सनंतर तिला असं काही यीस्ट इन्फेक्शन झालं की ती म्हणाली आता मला तुझ्या रिपोर्टशी काही देणंघेणं नाही. मॉक्सीनंतर माझी टाच इतकी दुखायला लागली की जिना उतरताना कठडा धरायचो. नंतर वाचलं की ह्या गटातल्या औषधांवर स्नायुबंध आणि नसांच्या त्रासाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कडक इशारे दिलेत, २०१६ मधे तर साध्या संसर्गाला दुसरा पर्याय असेल तर ही देऊच नका असं सांगितलं.

पाचवे डॉक्टर म्हातारे होते. फाईल बाजूला सारून त्यांनी विचारलं बसून काम किती तास करता, बद्धकोष्ठ आहे का, टेन्शनमधे त्रास वाढतो का. सगळ्याला हो. ओटीपोटाखालचे स्नायू सतत आवळलेले निघाले. फिजिओथेरपीने पाच महिन्यांत ८० टक्के आराम. युरियाप्लाझ्मा आहे का गेला, मला माहीत नाही, मी परत बघितलं नाही.

मांजरपाट, तुमच्यावर राग नाही पण "निगेटिव्ह येईपर्यंत" हे वाक्य मला दीड वर्षाला पडलंय.


मांजरपाट
सकाळी ९:३१

तुमच्याबाबतीत वाईट झालं भाऊ. पण एका केसवरून सगळ्यांना औषध नको म्हणणं पण बरोबर नाही ना. जंतू आहे, आग होतेय, दोन अधिक दोन. आणि मग डॉक्टर ही टेस्ट करतातच कशाला?


झाकलेली_मूठ
सकाळी ९:४०

+१ मांजरपाट. टेस्ट करायची आणि आल्यावर म्हणायचं काही नाही, हे काय लॉजिक. वाचतेय.


ओपीडी_नंतर
दुपारी २:१५

मी गुप्तरोग आणि त्वचेचा डॉक्टर आहे. इथे कुणाचं निदान करत नाहीये, धागाकर्तीला तपासलेलं नाही, चार दिवसांनी ज्या तपासतील त्यांचं ऐकावं. पण मांजरपाट यांचा प्रश्न रास्त आहे म्हणून उत्तर देतो.

ही टेस्ट बऱ्याचदा कुणी मागितलेली नसते. क्लॅमिडिया आणि गोनोरिया बघायचा असतो, पॅनलमधे बाकीचे आपोआप येतात, जसं एका वस्तूसाठी अख्खा सेट घ्यावा लागतो तसं. २०१८ मधे युरोपच्या लैंगिक संसर्ग मार्गदर्शक तत्त्वांच्या संपादक मंडळाने स्पष्ट भूमिका घेतली, की युरियाप्लाझ्माच्या दोन्ही जाती आणि मायकोप्लाझ्मा हॉमिनिस हा त्याचा नातेवाईक जंतू यांची रूटीन तपासणी किंवा उपचार करू नयेत, लक्षणं असलेल्यांतही नाही आणि नसलेल्यांत तर नाहीच. कारण उपचाराने फायदा होतो याचा चांगला पुरावा नाही आणि अँटिबायोटिकचा तोटा मात्र पक्का आहे. तुमच्या अंगात बसलेला दुसरा एखादा जंतू त्या औषधाला सरावतो आणि पुढे खरंच गरज पडते तेव्हा ते औषध गेलेलं असतं.

जाती दोन आहेत, पार्व्हम आणि युरियालिटिकम. २००२ पर्यंत दोन्हींना एकच समजायचे, त्यामुळे त्याआधीचे पेपर वाचताना कुणाबद्दल बोलतायत तेच कळत नाही, नेटवर जी भीतीदायक वाक्यं फिरतात त्यातली बरीच तिथली आहेत. पुरुषांच्या मूत्रमार्गाच्या दाहाशी संबंध युरियालिटिकमचा लागतो, तोही संख्या जास्त असेल तर, आणि गोनोरिया, क्लॅमिडिया, जेनिटॅलियम आधी वगळल्यावर. तेव्हा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस असा साधा कोर्स देतात. पार्व्हम हा दोघांतला गरीब भाऊ. धागाकर्तीचा पार्व्हम आहे.

आणि कृपा करून मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमशी गल्लत करू नका. दोघं एकाच कुळातले, पण जेनिटॅलियम खरा त्रास देतो, त्यावर औषधंही आता सहज लागू पडत नाहीत. लोक एकाचं वाचतात आणि दुसऱ्याला घाबरतात.

शेवटचा_बाक, दहाव्या दिवशी पीसीआर केलंत तिथे पाय घसरला. पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनए पण पकडतं. जंतू मेलेला असेल आणि रिपोर्ट म्हणेल डिटेक्टेड.


कोरी_वही
दुपारी ३:०२

डॉक्टर, मावशी, शेवटचा_बाक, खरंच आभारी आहे. रडू आलं वाचताना, ऑफिसच्या वॉशरूममधे उभी आहे.

पण मग आग कशाने होतेय? आणि नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर? तो सकाळी नीट बोलला पण डोळ्यात बघून नाही.


ओपीडी_नंतर
दुपारी ४:४०

कुठून आलं याचं उत्तर कुठलीच टेस्ट देत नाही. कधी आला तेही नाही. लक्षणाशिवाय वर्षानुवर्षं राहू शकतो. तुमच्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून तुमच्याकडे, सहा वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, सगळं शक्य आहे. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला पण जातो, बहुतेक मुलांत काही काळाने नाहीसा होतो. ह्या रिपोर्टवरून कुणी बाहेर गेलं होतं असा अर्थ काढता येत नाही, तसं करायला निघालात तर निम्म्या जगाचे संसार मोडतील. त्यांना हवं तर अपॉइंटमेंटला बरोबर न्या, तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की पटतं.

आगीची कारणं ढिगाने आहेत आणि त्यातली बरीचशी जंतूंची नाहीतच. यीस्ट झालंय का, योनीमार्गातले नेहमीचे चांगले जंतू कमी होऊन दुसरे माजलेत का (ते बॅक्टेरियल व्हजायनोसिस), हे साध्या स्वॅबने आणि तपासून कळतं. मग त्वचा. सुगंधी वॉश, वाईप्स, रोजचे पॅड, नवीन साबण. तुमच्या डॉक्टरांनी नुसता स्वॅब घेतला का बाहेरची त्वचा पण नीट बघितली?


कोरी_वही
दुपारी ४:५१

स्वॅब घेतला फक्त. आणि... हो. इंटिमेट वॉश. आग व्हायला लागल्यावर स्वच्छता पाहिजे म्हणून दिवसातून दोनदा वापरायला लागले. आधी एकदा वापरायचे.


लॅबवाली_मावशी
दुपारी ४:५३

🤦 अगं.


रातकिडा
रात्री १:१०

थोडं अवांतर, इतिहासाचा किडा असल्याने राहवत नाही. हा जंतू सापडला १९५४ ला, मॉरिस शेपर्ड नावाच्या माणसाला, अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत. मूत्रमार्गाचा दाह होता पण गोनोरिया सापडत नव्हता असे पुरुष तपासत होता. वाढवल्यावर कॉलन्या इतक्या बारीक की त्यांना नावच दिलं टी स्ट्रेन, टी म्हणजे टायनी, चिमुकल्या. युरियाप्लाझ्मा हे नाव वीस वर्षांनी, १९७४ ला. म्हणजे सापडला तोच रुग्णांमधे, त्यामुळे सुरुवातीपासूनच गुन्हेगार म्हणून नोंद झाली, मग निरोगी लोकांत शोधायला लागले तर तिथेही हा बसलेलाच. पोलिसांनी चोरी झाली त्या गल्लीतल्या सगळ्यांना पकडावं आणि मग कळावं की हा इथला राहणाराच आहे, तसं झालं.


टिपूस
सकाळी ८:१९

मी इथे सहसा नुसती वाचते. मला पाचवा महिना आहे. गेल्या वर्षी आयव्हीएफच्या आधीच्या तपासण्यांत मला युरियाप्लाझ्मा आला होता, तेव्हा दोघांना गोळ्या दिल्या होत्या, नंतर कुणी परत बघितलं नाही. वर सगळे निरुपद्रवी म्हणतायत पण गरोदरपणात अकाली प्रसूती होते असं वाचलं आणि काल रात्रभर झोपले नाही. परत टेस्ट करून घेऊ का?


ओपीडी_नंतर
सकाळी १०:३०

टिपूस, तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. वेळेआधी झालेल्या प्रसूतींत गर्भजलात किंवा वारेत हा बऱ्याचदा सापडतो, अगदी लवकर जन्मलेल्या बाळांच्या फुफ्फुसाच्या आजाराशीही संबंध दिसतो. पण ते तो वर, गर्भाशयाच्या आत पोचलेला असतो तेव्हाचं. खाली योनीमार्गात असणं ही वेगळी गोष्ट, कारण तिथे तो असलेल्या बहुसंख्य बायकांची बाळंतपणं वेळेवर आणि व्यवस्थित होतात. नुसता स्वॅबमधे आला म्हणून सगळ्यांना औषध देऊन अकाली प्रसूती टळते असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे ठणठणीत गरोदर बाईची ह्यासाठी रूटीन टेस्ट करत नाहीत.

तुम्ही करायचं ते एवढंच, तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना मागच्या वर्षीचं सांगून ठेवा. पाणी गेल्यासारखं वाटलं, ताप, रक्तस्राव, ठरावीक अंतराने पोट घट्ट होणं, यातलं काहीही झालं तर वाट बघू नका, मग युरियाप्लाझ्मा असो नसो. आणि जुन्या उरलेल्या डॉक्सीच्या गोळ्या घरात असतील तर टाकून द्या, गरोदरपणात त्या चालत नाहीत.

हेही सांगतो, नाहीतर कुणीतरी विचारेल. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांत हा खरा आजार करू शकतो. शरीरात अँटिबॉडीच कमी तयार होतात अशांत सांध्यांचा संसर्ग, फुफ्फुस बदललेल्या रुग्णांत रक्तात अमोनिया साठणं. मावशींच्या बाटलीत व्हायचं तेच, पण माणसात. फार क्वचित.


टिपूस
सकाळी १०:४४

धन्यवाद डॉक्टर. आईला दाखवला हा प्रतिसाद.


मांजरपाट
सकाळी ११:२०

ठीक आहे, पहिल्या प्रतिसादातलं उद्याच टेस्ट करा वालं मागे घेतो. पण निरोध वापरा हे तर चुकीचं नाही ना?


ओपीडी_नंतर
सकाळी ११:२६

अजिबात नाही. नवीन जोडीदार असेल तर वापराच, ह्याच्यासाठी नाही तरी क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी. सहा वर्षांच्या संसारात पार्व्हमसाठी आता वापरून फारसं काही साधत नाही.


शेवटचा_बाक
सकाळी ११:५०

मांजरपाट, मागे घेतलंत त्याबद्दल माझ्या टाचेकडून धन्यवाद.


कोरी_वही
अठरा दिवसांनी, रात्री १०:१५

अपडेट देते, दोघातिघांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं होतं.

नवरा बरोबर आला. डॉक्टरांनी ह्या वेळी दिव्याखाली नीट बघितलं, बाहेरची त्वचा लाल आणि कोरडी, बारीक भेगा, लघवी त्यावरून गेली की चुरचुरणारच म्हणाल्या. यीस्ट नाही, दुसरं काही नाही. वॉश बंद, वाईप्स बंद, रोजचे पॅड बंद, फक्त पाणी आणि एक साधं मलम. युरियाप्लाझ्मासाठी औषध दिलं नाही, मी विचारलं तर म्हणाल्या हे पॅनल मी क्लॅमिडियासाठी पाठवलं होतं, त्या ओळीचं मी काही करणार नाहीये. पण पोटात खाली दुखलं, ताप आला, संबंधांनंतर रक्त गेलं किंवा स्रावाचा वास बदलला तर लगेच या असं बजावलंय.

नवऱ्याने विचारलं मग मला पण आहे का. त्या म्हणाल्या असेल. एवढंच. तो गाडीत बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला म्हणजे माझ्याकडूनही असू शकतं. मी म्हटलं हो. मग म्हणाला त्या रात्री मी झोपलो नव्हतो. मी म्हटलं माहितीये.

आग आता कित्येक दिवस नसते. पूर्ण गेली असं नाही, परवा परत झाली थोडी, पण मी टेस्ट करायला धावले नाही. नवऱ्याने अख्खा धागा वाचलाय, त्याला गुलाबी बाटली फार आवडली, मावशी तो विचारतोय की बाटली विसरलात त्या दिवशी जेवायला होतं काय?


लॅबवाली_मावशी
रात्री १०:३१

त्याला सांग ते आता आठवत नाही, बोलणी मात्र शब्दन्शब्द पाठ आहेत.